हिवाळा पुसून टाकलेले पक्षी

भिगवणला येणारे बहुतेक छायाचित्रकार रोहित पक्ष्यांसाठी येतात. उजनीच्या फुगवट्यावर पहाटे नावा सुटतात, त्याही रोहितांच्या दिशेने. मी मात्र गेली काही वर्षे काठावरच्या पाणकणसाशी बसतो. थंडीत तिथे शंकर उतरतो. आकार चिमणीएवढा. शेपटी उभारून चिखलात दोन उड्या मारायच्या, किडा टिपायचा आणि पुन्हा पाणकणसात शिरायचे, एवढाच त्याचा उद्योग. गळ्याशी निळा म्हणून हे नाव. त्याची वीण युरोप-आशियाच्या उत्तरेकडच्या ओलसर झुडपी प्रदेशांत होते, आपल्याकडे लडाखमध्येही होते. आपल्या वाट्याला येतो तो त्याचा हिवाळा.

मी पक्षीशास्त्र शिकलेलो नाही आणि चित्रकलेच्या शाळेतही गेलेलो नाही. जे कळते ते पाहून आणि वाचून. या लेखाचे कारण माझेच एक चित्र आहे, म्हणून आधी त्याचा हिशेब देतो.

एका जानेवारीत मला नर शंकराचे स्वच्छ छायाचित्र मिळाले. त्याचा गळा बराचसा मळकट पांढरा होता, खाली निळ्या-तांबूस पट्ट्याची अर्धवट खूण होती आणि मागे पाणकणसात नायलॉनच्या जाळ्याचा तुकडा अडकला होता. मी संगणकावर जाळे पुसले, निळा रंग वाढवला, मागचा चिखल धूसर करून त्याला सोनेरी झाक दिली. मग तैलरंगाच्या फटकाऱ्यांचा परिणाम देऊन ते कॅनव्हासवर तीन फुटांचे छापून घेतले. एका समूह-प्रदर्शनात ते लागले, वाखाणले गेले, विकलेही गेले. पुढच्या हंगामात मला नेणाऱ्या नावाड्याला मी ते फोनवर दाखवले. त्याने दोन बोटांनी मोठे करून पाहिले आणि म्हणाला, ‘‘साहेब, ह्यो आपल्या हितला न्हाय. हितं आल्यावर एवढा निळा कुठं असतुय?’’

त्याचे म्हणणे शास्त्राला धरून होते. शंकराच्या गळ्याचा भरगच्च निळा रंग विणीच्या काळातला. हिवाळ्यात नराचाही गळा फिका असतो आणि निळाई तुटक दिसते. थिरथिऱ्याची गोष्ट वेगळ्या तऱ्हेने तीच. शरद ऋतूत नव्या पिसांच्या कडा करड्या असतात, त्यामुळे नराचा काळा रंग झाकलेला राहतो. हिवाळाभर त्या कडा झिजतात आणि वसंतात काळा उघडा पडतो. हे पाहायला भिगवणला जायची गरज नाही. घरच्या चिमण्याच्या गळ्याखालचा काळा डाग याच रीतीने थंडीत पुसट आणि उन्हाळ्याकडे गडद होतो. म्हणजे हिवाळी पक्ष्याचा फिकेपणा ही छायाचित्रातली उणीव नव्हे. ती त्याच्या अंगावर लिहिलेली तारीख आहे. संगणकावर रंग वाढवला तेव्हा मी जानेवारीतल्या पक्ष्यावर मे महिना चढवला.

ही चूक माझी एकट्याची असती तर लेख लिहिला नसता. छायाचित्रातून केलेली पक्षिचित्रे आज प्रदर्शनांत आणि दिनदर्शिकांवर दिसतात, त्यांतल्या पुष्कळशा चित्रांत हाच साचा असतो: झगमगीत पक्षी, लोण्यासारखी मऊ पार्श्वभूमी, नीटस फांदी. फटकाऱ्यांचा आयता परिणाम पर्णवटवट्यांसारख्या पक्ष्यांवर तर फारच अन्याय करतो. या हिरवट-करड्या पक्ष्यांत एक जात दुसरीपासून ओळखायला कधी पंखावरची एक फिकी रेघ, कधी भुवईची लांबी एवढाच आधार असतो. कृत्रिम फटकारा पहिल्यांदा तीच रेघ खातो. उरतो तो कोणताही पक्षी.

यावर एक रास्त आक्षेप आहे. कलावंताने निसर्गाची नक्कल का करावी? वगळणे हा तर कलेचा हक्कच आहे. शिवाय कॅमेरा तरी कुठे तटस्थ असतो? लांब पल्ल्याचे भिंग पार्श्वभूमी आधीच विरघळवून टाकते. हे सगळे मान्य. वगळण्याचे माझ्या डोळ्यांपुढचे उत्तम उदाहरण जुने आहे. कलकत्त्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश एलायजा इंपी यांच्या पत्नी मेरी इंपी यांनी १७७७ ते १७८२ या काळात पाटण्याच्या तीन चित्रकारांकडून आपल्या संग्रहातले पक्षी रंगवून घेतले: शेख झैनुद्दीन, भवानीदास आणि रामदास. या चित्रांत बहुधा पक्षी, एखादी फांदी, त्यावरचा एखादा किडा आणि बाकी कोरा कागद. ऋतू नाही, जागा नाही. तरी ही चित्रे फसवत नाहीत, कारण कोरा कागद आपण कोरा असल्याचे उघड सांगतो. संगणकावर रंगवलेली सोनेरी धूसरता मात्र आपण तिथलीच सकाळ असल्याचा आव आणते. वगळण्यात दोष नाही. वगळलेल्या जागी खोटी साक्ष उभी करण्यात आहे.

दुसरा प्रश्न आकाराचा. जॉन जेम्स ऑड्युबॉनच्या ‘द बर्ड्स ऑफ अमेरिका’त (१८२७-१८३८) ४३५ चित्रे आहेत. त्यासाठी त्याने पक्षी मारले, तारांनी ताठ करून पाटीवर बसवले. ती रीत आज कोणी समर्थनीय मानणार नाही. पण प्रत्येक पक्षी खऱ्या मापात काढायचा हा नियम त्याने पाळला. सुमारे मीटरभर उंचीच्या कागदात मावण्यासाठी रोहिताला मान खाली वाकवावी लागली आणि लहान पक्ष्याभोवती पांढरा कागद ऐसपैस उरला. त्या रिकामेपणात लहान पक्षी लहानच राहतो. पंधरा सेंटिमीटरांचा शंकर तीन फुटांचा करून मी त्याचे लहानपण काढून घेतले. एवढासा जीव एवढ्या दुरून येतो, याचे आश्चर्य त्या लहानपणातच तर असते.

गेल्या वर्षी मूळ छायाचित्र पुन्हा काढले. रंगाला हात लावला नाही. मोठ्या कागदावर पक्षी खऱ्या मापात छापला आणि भोवतीचे पाणकणीस पेन्सिलीने हाताने काढले, जाळ्याच्या तुकड्यासह. चित्र काही फार देखणे झाले नाही. पाणकणसाची पाती माझ्या हाताला अजून नीट जमत नाहीत. विकत घ्यावे असे कोणाला वाटलेले नाही. नावाड्याने पाहिल्यावर पक्ष्याबद्दल तो काहीच बोलला नाही. जाळे कोणत्या मापाच्या आसाचे आहे, हे त्याने सांगितले.

इंपी-संग्रहातल्या चित्रांवर संग्रहाचे आणि चित्रकाराचे नाव लिहिलेले आढळते. आपल्या पक्षिचित्रांखाली निदान तेवढे असावे, आणि त्यात दोन गोष्टींची भर पडावी: छायाचित्र कोणत्या महिन्यात व कुठे घेतले, आणि नंतर काय पुसले, काय वाढवले. परीक्षकांनी हे मागावे, समीक्षकांनी विचारावे. प्रदर्शनात विकल्या गेलेल्या त्या चित्रामागे असे काही लिहिलेले नाही. ते ज्यांच्या दिवाणखान्यात आहे, त्यांच्यासाठी ही नोंद: जानेवारी, उजनीचा काठ, निळा वाढवला आहे, जाळे पुसले आहे.