रोहिणीचं पाणी

तत्त्वज्ञानाला त्याचा इतिहास लागतो का? पंडित म्हणतात, नाही. विचार तर्कावर घासा, तो कुणी कशापायी मांडला ते सोडा. मला हे पटत नाही. बाबासाहेबांचा १९५७ सालचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' समोर ठेवून बोलतो.

बाबासाहेब सुरुवातीलाच विचारतात, २९ वर्षांच्या सिद्धार्थानं म्हातारा, रोगी, प्रेत कधी पाहिलंच नव्हतं, हे कसं मानायचं? मग ते रोहिणी नदी मांडतात. शाक्य-कोलिय पाण्यावरून भिडले. संघानं युद्ध ठरवलं. सिद्धार्थानं विरोध केला, मतदानात हरला. घरच्यांवर बहिष्कार, जमिनीवर जप्ती येऊ नये म्हणून त्यानं परिव्रज्या पत्करली.

आक्षेप येतो, इतिहास मोडला. पाली अट्ठकथांत हे भांडण बुद्धत्वानंतरचं आहे, हे खरंच. लपवायचं कशाला? पण चार दृश्यांची गोष्ट तरी कुठं पक्की? महापदान सुत्तात ती विपस्सी बुद्धाची आहे. धर्मानंद कोसंबींनी 'भगवान बुद्ध'मध्ये तिच्यावर बोट ठेवलं आणि अत्तदण्ड सुत्तातलं शस्त्रांचं भय पुढं आणलं.

गोष्ट बदलली की दुःखाचा अर्थ बदलतो. म्हातारपण, मरण हे दुःख धरलं तर माणूस डोळे मिटून बसेल. पाण्यावरून माणूस माणसाला मारतो हे दुःख धरलं तर ते माणसांनीच केलेलं, माणसांनाच मोडता येईल. म्हणजे इतिहास हा तत्त्वज्ञानाचा पाया झाला, नुसती प्रस्तावना नाही.

आमच्या भोर-वेल्ह्यात हे पुस्तकातून शिकावं लागत नाही. भाटघरचं पाणी निरेच्या कालव्यांनी बारामती-फलटणकडं जातं, पानशेत-वरसगावचं पुण्याला. धो धो पाऊस झेललेल्या डोंगरातल्या बाया उन्हाळ्यात हंडा घेऊन उभ्या. पूर्वी पाणवठ्यावर आपल्याला वरून ओतून घ्यावं लागायचं, तेही याच पाण्याचं तत्त्वज्ञान.

आता तक्रार आपल्याच माणसांशी. वर्षावासात विहारात ग्रंथ वाचला जातो, साधू साधू होतं, मंडळी चहा पिऊन घरी. भिंतीवर मात्र कॅलेंडरात तोच म्हातारा, तेच प्रेत. दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी नांदतात, कुणी विचारत नाही यातली कुठली धरायची आणि का. ज्यानं जुन्या पोथीला प्रश्न विचारला त्याच्याच ग्रंथाची आपण पोथी करायला लागलोय.

यंदा रोहिणीचं पान आलं की वाचणाऱ्याला थांबवा. विचारा, आपल्या धरणाचं पाणी कुणी वाटलं?