नहुश्तान : पवित्र वस्तूची मूर्ती कशी होते?

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी आम्ही बारामतीजवळच्या पिंपळी गावी एका कुटुंबाच्या नव्या घराला आशीर्वाद देण्यास गेलो होतो. जुन्या घरातून सामान हलविताना मतमाउलीची प्लॅस्टरची मूर्ती हातून निसटली व फुटली. घरातील आजींनी तिचे तुकडे धुतलेल्या लुगड्याच्या फडक्यात बांधून ठेवले होते. प्रार्थना आटोपल्यावर त्यांनी आम्हांस बाजूस घेतले आणि हलक्या आवाजात विचारले, "फादर, माउली कोपली असंल का? नव्या घरात काही इपरीत तर व्हनार न्हाई ना?" शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या कॉलेजात शिकणाऱ्या नातवाने ते ऐकले. तो अलीकडे शहरातील एका प्रार्थनामंडळात जाऊ लागला होता. तो म्हणाला, "बरं झालं फुटली ते. मूर्ती करू नका असंच बायबलमध्ये लिहिलंय."

दोघांनाही देण्याजोगे उत्तर आम्हांस सेमिनरीत शिकविलेले होते आणि ते आम्ही दिलेही. परंतु उसाच्या शेतांमधून परत येताना आमच्या लक्षात आले की, परस्परविरोधी वाटणारी ही दोन माणसे एकाच समजुतीत अडकली होती. प्लॅस्टरमध्ये काही सामर्थ्य आहे, असे दोघेही धरून चालले होते. आजींना त्या सामर्थ्याचे भय होते, नातवाला त्याचा तिटकारा होता. मूर्तिपूजा म्हणजे नेमके काय, हा प्रश्न मात्र दोघांनीही विचारला नव्हता आणि खरे सांगायचे तर आमच्या तयार उत्तरानेही तो विचारला नव्हता.

या प्रश्नाच्या निमित्ताने आम्ही पवित्र शास्त्रातील संबंधित उतारे व फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' पुन्हा वाचावयास घेतले. त्या वाचनातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

जुन्या करारातील मूर्तिपूजेवरील लेखन दोन प्रकारचे आहे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. पहिला प्रकार उपहासाचा. यशयाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायातील सुतार एकाच झाडाच्या अर्ध्या लाकडावर भाकरी भाजतो आणि उरलेल्या अर्ध्याचा देव घडवून त्यापुढे लोटांगण घालतो. ज्ञानग्रंथाच्या तेराव्या अध्यायात हेच चित्र पुन्हा रंगविले आहे. दानीएलाच्या चौदाव्या अध्यायातील बेल दैवताची कथा तर एखाद्या चातुर्यकथेसारखी आहे. देव रात्री नैवेद्य खातो, असे पुजारी सांगतात. दानीएल मंदिरात राख पसरवून ठेवतो आणि सकाळी त्या राखेवर पुजाऱ्यांच्या व त्यांच्या बायकामुलांच्या पावलांचे ठसे उमटलेले दिसतात. हे उतारे चटकदार आहेत. प्रवचनकारांना ते प्रिय असतात, कारण त्यांत हसावयाचे ते परक्यांना.

दुसरा प्रकार अधिक गंभीर व संख्येनेही अधिक आहे. त्यात आरोपी परके नाहीत, देवाची स्वतःची प्रजा आहे. निर्गमाच्या बत्तिसाव्या अध्यायात सोन्याचे वासरू घडविणारा अहरोन म्हणजे पुढे प्रमुख याजक झालेला मनुष्य. आणि वासरू घडवून झाल्यावर तो जो उत्सव जाहीर करतो, तो परक्या देवाचा नव्हे. ज्या परमेश्वराने मिसरातून सोडविले त्याच्याच नावाचा तो उत्सव होता. लोकांनी देव बदलला असे त्यांना स्वतःलाही वाटले नसावे. मोशे डोंगरावरून उतरावयास उशीर करीत होता, वाट पाहणे असह्य झाले होते आणि जो दिसत नाही व लवकर बोलत नाही त्याच्याऐवजी समोर ठेवता येईल असा देव त्यांना हवा होता. शास्ते ग्रंथातील गिदोनाचेही तसेच. लोक राजा करावयास निघाले असता तो नम्रपणे नकार देतो, पण लुटीच्या सोन्याचे एफोद, म्हणजे याजकीय वस्त्र, करून आपल्या गावी ठेवतो आणि तेच त्याच्या घराण्याला पाश होऊन बसते.

या सर्वांत आम्हांस सर्वाधिक विचार करावयास लावणारा प्रसंग दुसऱ्या राजांच्या अठराव्या अध्यायात अवघ्या एका वचनात येऊन जातो. मोशेने रानात उभारलेला पितळी सर्प लोकांनी शतकानुशतके जपून ठेवला होता व त्यापुढे ते धूप जाळीत होते. हिज्कीया राजाने तो फोडून टाकला. त्यास नहुश्तान असे म्हणत असत. पितळ या अर्थाच्या इब्री शब्दाशी त्या नावाचा संबंध आहे. जणू राजा म्हणत होता, हे तर पितळ आहे.

हा सर्प कोठल्या परक्या देवळातून आलेला नव्हता. गणना ग्रंथाच्या एकविसाव्या अध्यायानुसार खुद्द देवाच्या आज्ञेने तो घडविला गेला होता. सर्पदंश झालेले लोक त्याकडे पाहून वाचले होते. पुढे प्रभू येशूने निकदेमाशी बोलताना आपल्या क्रूसावर उंच केले जाण्याला याच सर्पाची उपमा दिली. एवढी पवित्र वस्तू, आणि तरीही ती मूर्ती झाली! ती वस्तू बदलली नव्हती, तिच्याकडे येणारे मन बदलले होते. रानात लोक त्या सर्पाकडे पाहत, ते आपले पाप कबूल करून. यरुशलेमेत ते धूप जाळून मोकळे होत. मूर्तीला तोंड असून ती बोलत नाही, हा तिचा दोष म्हणून स्तोत्रकर्ता सांगतो. माणसाला मात्र मनातून तोच तिचा गुण वाटत असतो. जी हवे ते देईल पण आपल्याला काहीच विचारणार नाही, अशी वस्तू कोणाला नको असते?

ही दृष्टी घेऊन आपण आपल्या मराठी ग्रंथाकडे वळू. इंग्लंडात १५४९ साली जन्मलेले फादर स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले व १६१९ साली निवर्तले. त्यांचे कार्यक्षेत्र साष्टी. त्यांच्या आगमनापूर्वी बारा वर्षे, १५६७ साली, पोर्तुगीज सत्तेने साष्टीतील देवळे पाडली होती. त्याच्या चारच वर्षे आधी, डिसेंबर १५६३ मध्ये, त्रेंतच्या महासभेने प्रतिमांविषयीचा आपला निर्णय दिला होता. प्रतिमेत देवत्व वा सामर्थ्य आहे असे मानून तिचा मान करावयाचा नाही, तिच्याकडे काही मागावयाचे नाही. तिचा मान ती ज्याची प्रतिमा आहे त्याला पोहोचतो, हे त्या सभेने स्पष्ट केले आणि अंधश्रद्धा व द्रव्यलोभ दूर ठेवण्यास बजाविले. प्रतिमेला दिलेला मान मूळ व्यक्तीस पोहोचतो, हे तत्त्व निकेयाच्या दुसऱ्या महासभेने ७८७ सालीच सांगितले होते. म्हणजे ख्रिस्तसभा आपल्या घरातील मूर्तींविषयी इतका सूक्ष्म विवेक करीत होती, त्याच दशकात शेजाऱ्याच्या मूर्तींसाठी हातोडा पुरेसा मानला गेला. हे आम्ही आज खेदाने नमूद करतो.

हातोड्याने दगड फुटला, पण जी जागा रिकामी झाली तिचे काय? 'ख्रिस्तपुराणा'चा आरंभ याच प्रश्नाने होतो, हे त्या ग्रंथाचे मोठेपण. पहिल्याच अवस्वरूत एक ब्राह्मण पाद्रीपुढे गाऱ्हाणे मांडतो. आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत, मग मनाला विसावा देणारे तसे दुसरे पुराण आम्हांस का देत नाही, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. १६१६ साली रायतूर येथे छापून निघालेला सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ म्हणजे त्या गाऱ्हाण्याला दिलेले उत्तर होय. प्रभू येशूच्या दृष्टान्तातील झाडून स्वच्छ केलेले रिकामे घर येथे आठवते. आत कोणी राहावयास आले नाही, तर गेलेला आत्मा सात सोबती घेऊन परततो. मूर्ती काढून टाकणे हे काम अर्धेच असते, हे साष्टीच्या या पाद्रीने ओळखले होते.

ग्रंथाची मर्यादाही सांगितली पाहिजे. इतर देवतांविषयी बोलताना फादर स्टीफन्स आपल्या काळाच्या कठोरतेतून सुटत नाहीत. अशा ठिकाणी त्यांची ओवी वादविवादाची होते व तिचा रस आटतो. एरवी ते एकनाथांच्या काळाला जवळच्या मराठीत, वैकुंठ, गुरू, मुक्ती हे शब्द निःशंकपणे वापरून कथा सांगतात, तेव्हा तीच ओवी वाहू लागते. शब्द कोणाच्या देवळातून आला याची त्यांना भीती वाटत नाही. निषेध करणाऱ्या स्टीफन्सपेक्षा कथा सांगणारे स्टीफन्स श्रेष्ठ आहेत, असे आमचे मत आहे. संत पौलाचाही हाच मार्ग होता. अथेन्समधील मूर्ती पाहून तो मनात संतप्त झाला, पण बोलताना त्याने आरंभ केला तो अज्ञात देवाच्या वेदीपासून. इफिसमध्ये दंगल उसळली, तेव्हा या लोकांनी आमच्या देवीची निंदा केलेली नाही, अशी ग्वाही खुद्द नगराच्या लेखकाने दिली. शेजाऱ्याच्या देव्हाऱ्याविषयी बोलताना आपणही ही ग्वाही मिळविण्यास पात्र असावे.

आता थोडे आपल्या घराकडे. आपल्यापैकी अनेकांचे आजे-पणजे गावदेवीचा कोप, अंगात येणे, नवस फेडणे या भयातून बाहेर येऊन ख्रिस्ताकडे आले. ते भय गेले का? हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेस सप्टेंबरात जे जनसागर लोटतात त्यांत निर्मळ भक्ती पाहून आमचेही डोळे ओलावले आहेत. वांद्र्याच्या माउंट मेरीला मेणाचे हात, पाय व घरे वाहणाऱ्या मातांच्या वेदनेला आम्ही हसणार नाही. पण "नवस केला होता, काम झालं नाही, आता मिस्साला कशाला जायचं?" हे वाक्य आम्ही ऐकले आहे. ज्याच्या तोंडी ते येते, त्याच्या घरी मरियेची मूर्ती असो वा नसो, नहुश्तान आहे. आणि ज्या घरी भिंतीवर केवळ वचने आहेत, पण मुलाच्या लग्नात चारचौघांत मान राहावा म्हणून जमीन गहाण पडते आणि सून निवडताना पूर्वीची जात पाहिली जाते, तेथेही तो आहे. लोभ म्हणजे मूर्तिपूजाच, असे संत पौलाने कलस्सैकरांना लिहिले. त्याने ते लिहिले, ते बाप्तिस्मा झालेल्यांना.

दुसऱ्याच्या घरातील नहुश्तान दाखविणाऱ्याने आपलाही दाखवावा. पूर्वी एका धर्मग्रामात असताना आम्ही माउलीची गुहा बांधावयास घेतली होती. तीन वर्षे देणग्या, दगड, गवंडी व देणगीदारांच्या नावांची फरशी याखेरीज दुसरे काही सुचत नव्हते. त्याच काळात गळीत हंगामासाठी आलेल्या ऊसतोड कामगारांच्या कोप्या आमच्यापासून तीन किलोमीटरवर पडत असत व त्यांत आपलीही काही कुटुंबे होती. एका कोपीत बाळंतीण ताप येऊन गेली, ते आम्हांस तिच्या मातीनंतर दोन दिवसांनी कळले. गुहा सुंदर झाली. लोक आजही तेथे प्रार्थना करतात आणि ती प्रार्थना देव ऐकतो. परंतु ती ज्या तीन वर्षांत उभी राहिली त्या काळात ती आमच्यापुरती मूर्तीच होती. तिने आम्हांस काहीच विचारले नाही. त्या कोपीने विचारले असते.

वाङ्मयप्रेमी म्हणूनही आपण सावध असावे. 'ख्रिस्तपुराणा'चा आपल्याला अभिमान आहे. प्रत्येक साहित्यमेळाव्यात त्याचे नाव निघते, फादर स्टीफन्सनी मराठीची केलेली स्तुती व्यासपीठावरून गायिली जाते. १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून त्याची देवनागरी आवृत्ती काढल्यापासून तर लिपीची अडचणही उरलेली नाही. तरीही तो ग्रंथ उघडून एक अवस्वरू वाचलेली किती घरे आपल्या धर्मग्रामात सापडतील? ज्याला मान द्यावयाचा पण ज्याचे ऐकावयाचे नाही, असा ग्रंथही नहुश्तान होतो.

काही दिवसांनी आम्ही पुन्हा पिंपळीस गेलो. आजींना सांगितले की, माउली कोपत नाही. आशीर्वादित वस्तू भंगली तर ती आदराने मातीत ठेवावी, अशी आपली रीत आहे. परसातील लिंबाच्या झाडाखाली खड्डा काढला, तो नातवानेच. का काढलास, असे आम्ही विचारले नाही. तुकडे ठेवून झाल्यावर नवी मूर्ती आणावी का, असे घरच्यांनी विचारले. आम्ही म्हणालो, जरूर आणा. आजी म्हणाल्या, "आनू की. पर घाई न्हाई. तवर हितं उभी ऱ्हाऊन बोलंन मी तिच्यासंगं. तिला ऐकू येतं."

भिंतीवरची फळी त्या दिवशी रिकामी होती. तिच्यापुढे उभे राहून आम्ही सर्वांनी मिळून प्रभूची प्रार्थना म्हटली. आमच्या शेजारी उभ्या असलेल्या नातवाचा आवाज आम्हांस स्पष्ट ऐकू येत होता.