गोगलगायी काढून टाकलेला प्रयोग

खाऱ्या पाण्याच्या टाकीत समुद्री गवत वाढवण्याचे बरेच प्रयोग एकाच जागी चुकतात, असं मला वाटतं. पाण्यात नायट्रेट वाढवलं, शेवाळ माजलं, गवत मेलं, की निष्कर्ष तयार: खतानं गवत मरतं. पण थांबा. गवत मुळांवाटे गाळातूनही अन्न घेतं. त्याला बहुतेकदा मारतो तो पानांवर चढलेल्या शेवाळाचा अंधार. समुद्राच्या पृष्ठभागावरच्या प्रकाशाच्या सरासरी ११ टक्के तरी त्याला लागतो. समुद्रात ही पानं गोगलगायी खरवडून साफ ठेवतात. टाकी ‘स्वच्छ’ हवी म्हणून आपण त्याच काढतो! मीही काढल्या, आणि पहिल्या वर्षाची आकडेवारी बाद झाली. तेव्हा असा निबंध वाचताना आधी एवढंच बघा: टाकीत चरणारं कुणी होतं का?