जुने लाकूड आणि औचित्यविचार

कवितासंग्रहाचे परीक्षण लिहितात, नाटकाचे लिहितात, मग एखाद्या कपाटाचे का लिहू नये, हा प्रश्न गेली काही वर्षे माझ्या डोक्यात घोळतो आहे. संपादकांनी या वर्षी 'पुस्तकावर नको, वेगळे काहीतरी द्या' असे कळवले, तेव्हा मी माझ्याच घरातले पुस्तकांचे कपाट परीक्षणाला घ्यायचे ठरवले. कपाट जुन्या सागवानाचे आहे आणि ते करताना मी स्वतः सुताराच्या हाताखाली दोन सुट्ट्या राबलो आहे. स्वतःच्या कृतीवर स्वतःच टीका लिहिण्याचा दोष मान्य करतो. पण वाचकांनी काळजी करू नये, स्तुती फारशी येणार नाही.

आमचे खानापूर तालुक्यातले घर २०११ साली उतरवले. 'पाडले' असे मी म्हणत नाही, कारण लाकडी घर पाडायचे नसते, उतरवायचे असते. आधी कौले, मग रिपा, मग वासे, मग कडीपाटाच्या फळ्या, आणि शेवटी तुळया व खांब. आमच्या घराच्या सांगाड्यात खिळा जवळजवळ नव्हताच. तुळईच्या टोकाला कुसू, खांबाच्या डोक्याला त्याची खाच आणि दोहोंना आवळून धरणारी पाचर. पाचर ठोकून बाहेर काढली की शंभर वर्षे एकमेकांना धरून असलेली दोन लाकडे सहज सुटतात. आमच्या मुलांना व्याकरणात संधिविग्रह शिकवताना मी आता हेच उदाहरण देतो.

त्या वेळी दोन गोष्टी दिसल्या. माजघरावरच्या एका तुळईला मधोमध एक रिकामी खाच होती. त्या जागी आमच्या घरात काहीच जोडलेले नव्हते. म्हणजे ही तुळई आजोबांनीही कुठल्या तरी दुसऱ्या घरातून आणलेली होती. आमच्याकडे ती दुसऱ्या संसाराला आली होती. दुसरी गोष्ट अशी की प्रत्येक सांध्याशी पटाशीने आकडे कोरलेले होते, कोणते कुसू कोणत्या खाचेत हे कळावे म्हणून. दोन, तीन, चार वाचताना मला काही वेगळे वाटले नाही. सातावर आलो तेव्हा थांबलो. आकडे कानडी होते. कानडी दोन-तीन-चार आपल्यासारखेच दिसतात, सात मात्र वेगळा. पक्के मराठी म्हणून ज्या घरात आम्ही वाढलो, त्याचे सगळे सांधे कानडी आकड्यांवर बसवलेले होते, आणि हे घरातल्या कोणालाच ठाऊक नव्हते.

वाटणीत नक्षीचे चार खांब धाकट्या भावाकडे गेले. त्याने ते एका व्यापाऱ्याला विकले आणि पुढे ते कुठल्याशा हॉटेलाच्या दर्शनी भागात, वर काहीही न पेलता, उभे असल्याचे कळले. माझ्या वाट्याला दोन तुळया, कडीपाटाच्या दीड इंच जाडीच्या फळ्या आणि पुढचे दार आले.

इथून परीक्षणाला सुरुवात करतो. जुन्या लाकडाची आता फॅशन झाली आहे. नक्षीचे दार आडवे टाकून त्यावर काच ठेवली की जेवणाचे टेबल, बैलगाडीचे चाक भिंतीला टांगले की शोभा, उखळ उलटे केले की बैठक. अकराव्या शतकातल्या काश्मिरी क्षेमेंद्राने 'औचित्यविचारचर्चा' या ग्रंथात म्हटले आहे की कमरपट्टा गळ्यात आणि हार कमरेला, नूपुरे हातात आणि बाजूबंद पायात घातले तर कोण हसणार नाही? अलंकार तोच, सोने तेच, जागा चुकली. दाराच्या टेबलाचे नेमके हेच होते. नक्षीवर ताट टेकत नाही म्हणून काच आणावी लागते. काच आणली की हाताला लाकूड लागत नाही. ज्या कामासाठी दार घडवले ते गेले, आणि ज्या कामाला लावले ते काच करते आहे. मग दार तिथे कशासाठी आहे? 'आमच्याकडे जुने आहे' हे पाहुण्यांना सांगण्यासाठी. हे टीकाकाराने स्पष्ट म्हणायला हवे.

स्वस्तातली दुसरी फॅशन मालवाहतुकीच्या खोक्यांच्या आणि पॅलेटांच्या लाकडाची. तिच्याविषयी माझी तक्रार सौंदर्याची कमी आणि आरोग्याची अधिक आहे. परदेशी मालाबरोबर येणाऱ्या पॅलेटांवर शिक्का असतो. त्यात 'एचटी' असेल तर लाकूड तापवून कीडमुक्त केलेले, 'एमबी' असेल तर मिथिल ब्रोमाइडच्या धुरीने. दुसऱ्या प्रकारचे लाकूड घरात आणू नये, मग ते फुकट मिळो. तीच गोष्ट जुन्या रंगाची. जुन्या तैलरंगात शिसे असण्याचा फार संभव असतो. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडे कडक मर्यादा आली ती २०१७ साली. असा रंग कोरडा घासून त्याची पूड घरभर, तीही लहान मुलांच्या घरात, उडवणे हा शुद्ध वेडेपणा आहे. माझ्या दाराचा हिरवा रंग मी अंगणाबाहेर, ओला करून, खरवडून काढला आणि खरवड कागदात गुंडाळून वेगळी टाकली.

आता थोडे बाहेर पाहू, कारण या विषयात विचार करून काम केलेली माणसे आहेत. हॉलंडचा रीटवेल्ड हा सुताराचा मुलगा, बापाच्या कारखान्यात शिकलेला. १९३४ साली, मंदीच्या दिवसांत, खोक्यांना वापरतात तसल्या साध्या फळ्यांच्या खुर्च्या-टेबले त्याने काढली. ॲमस्टरडॅमच्या एका दुकानातून त्यांचे भाग सुटे विकले जात आणि गिऱ्हाइकाने घरी जोडायचे असत. इटलीच्या एन्झो मारीने १९७४ साली त्यापुढचे पाऊल टाकले. साध्या फळ्या आणि खिळे यांतून करता येतील अशा एकोणीस वस्तूंचे आराखडे त्याने देऊन टाकले. टेबल, खुर्ची, पलंग, पुस्तकांची मांडणी. ज्याला हवे त्याने करावे, फक्त कारखानदाराने आणि व्यापाऱ्याने करू नये. स्वतः एक खुर्ची केली की माणसाला दुकानातली खुर्ची वाचता येते, असा त्यामागचा हेतू. आम्ही मुलांना निबंध लिहायला लावतो तोही याच आशेने.

मारीविषयी मला आदर आहे, पण त्याच्या खिळ्यांविषयी नाही. खिळ्याने जोडलेली वस्तू उतरवता येत नाही, मोडावी लागते. फळीच्या टोकाशी खिळा आला तर फळी चिरते, आणि आमच्याकडच्या पावसाळ्यात लोखंडाभोवती लाकूड काळे पडते. एका पिढीला खुर्ची करायला शिकवणारा हा मोठा माणूस पुढच्या पिढीला त्या फळ्या पुन्हा वापरता येतील की नाही, याचा विचार करीत नाही. आमच्या तुळईची रिकामी खाच पाहिल्यावर मला हे फार खुपले.

मारीच्याच आराखड्यांवरून पुढे बर्लिनमध्ये आफ्रिकेतून आलेल्या काही निर्वासित तरुणांनी खुर्च्या केल्या. विकण्याची परवानगी मारीनेच दिली होती. त्यांतल्या काही खुर्च्यांत नव्या फळ्यांच्या बरोबर लाम्पेदुसा बेटाजवळच्या निर्वासितांच्या मोडक्या नावांचे रंगीत तुकडे बसवलेले होते. छायाचित्र पाहून मी गप्प झालो. हॉटेलातले आमचे खांब आणि हा नावेचा तुकडा, दोन्ही जुनेच लाकूड दाखवण्यासाठी ठेवलेले. मग एकाचा राग का येतो आणि दुसऱ्यासमोर मान का लवते? मी जे उत्तर काढले ते असे: तो तुकडा खुर्चीच्या अंगात बसला आहे आणि बसणाऱ्याची पाठ त्याला टेकते. शिवाय ज्यांनी तो बसवला, ते तसल्याच वाटेने आले होते. उत्तर पुरेसे आहे असे माझे म्हणणे नाही.

आपल्या देशात या बाबतीत लॉरी बेकरचे नाव घ्यावे लागते. बर्मिंगहॅमचा हा वास्तुकार १९४५ साली भारतात आला, पुढे केरळात स्थायिक झाला आणि २००७ साली तिरुवनंतपुरमलाच वारला. उतरवलेल्या घरांची लाकडे, दारे, खिडक्या तो आणून नव्या घरात बसवी. पण दार दाराच्याच जागी, खिडकी खिडकीच्याच जागी. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे लाकूड मुळात किती लागते हाच प्रश्न तो विचारी. दाराला चौकट हवीच का? फळ्या जोडून बिजागरीने थेट भिंतीला लावल्या तर? चौकटीचे सगळे लाकूड वाचले. डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जंगलतोडीवर निर्बंध आणले. त्याच्या कितीतरी आधी हा माणूस लाकूड जपून वापरा म्हणून सांगत होता, आणि सांगण्यासाठी हाताने काढलेल्या चित्रांच्या साध्या पुस्तिका लिहीत होता. आमच्या शाळेच्या वाचनालयासाठी मी त्या मागवल्या. शिक्षकांपेक्षा शिपायाने त्या जास्त वाचल्या.

हे सगळे वाचून झाल्यावर माझ्या कपाटाकडे वळतो.

दारे उत्तम साधली आहेत. ती दिल्हेदार आहेत. चौकटीला आतून खोबण आणि तीत दिल्हा सुटा बसवलेला, सरस न लावता. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, रुंदीत मात्र पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. दिल्हा सुटा असल्यामुळे तो आतल्या आत हलतो, दार अडकत नाही. याचे श्रेय सुताराचे. मी दिल्हे पक्के चिकटवा म्हणून सांगत होतो.

फळ्या मात्र फसल्या आहेत, आणि तो दोष सर्वस्वी माझा. कडीपाटाची फळी दीड इंच जाड. ती उभी चिरली तर एकीच्या दोन होतील, असा हिशेब मी केला. गिरणीवाला जुने लाकूड घ्यायला तयार नव्हता, कारण एक विसरलेला खिळा पट्ट्याच्या करवतीचे पाते खातो. दोन दिवस बसून खिळे उपटले, लोहचुंबक फिरवून दाखवले, तेव्हा त्याने चिरून दिले. आता फळी पाऊण इंची, चार फूट लांब, मध्ये आधार नाही, आणि वर शब्दकोश व दिवाळी अंकांचे गठ्ठे. दोरी धरून पाहिली तर मधली फळी अर्धा इंच खाली आली आहे. फळीची जाडी दुप्पट तर ताठपणा आठपट. म्हणजे चिरताना मी आठातले सात भाग गमावले. निदान मध्ये एक उभा आधार घेतला असता, तर चार फुटांचे दोन-दोन फूट होऊन झोल सोळाव्या हिश्श्यावर आला असता. हा हिशेब आमच्या विज्ञान शिक्षकांनी कपाट झाल्यावर सांगितला. लोभ आणि अपुरे वाचन, दोन्ही दोष एकाच फळीत दिसतात.

आता त्या आकड्याविषयी. कपाटाचे चार उभे पाय जुन्या तुळयांतून काढले. एका पायावर ती रिकामी खाच आली आणि तिच्या खाली सातचा आकडा. मला ते दोन्ही समोर हवे होते. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवता आले असते, दोन भाषांच्या घरावर चार वाक्ये बोलता आली असती. सुतार साठीचा, कानडी घरातला. त्याच्या 'उळी'ला मी पटाशी म्हणतो, त्याच्या 'बाची'ला वाकस. सागवानीला दोघेही सागवानीच म्हणतो. त्याने पाय फिरवून पाहिला आणि म्हणाला, "सर, तूतु ओळग हाकोणरी." भोक आतल्या बाजूला घालूया. मी कारण विचारले. तो मराठीत म्हणाला, "भायर ठेवलं तर धूळ बसतीय. आत ठेवलं तर फळीचा कुसू तिथंच बसतोय. नवीन खाच मारायला नको."

मी हट्ट धरला. शाळेत माझा शब्द चालतो, त्याची सवय. खाच समोर ठेवली गेली. पुढे एका स्नेह्यांनी तो आकडा पाहिला आणि 'हा घासून टाका की, मराठी शाळेच्या हेडमास्तरांच्या घरात शोभतो का' असे विचारले. दुसरे एक पाहुणे आकड्यावर इतके खूश झाले की त्यांनी त्याचा फोटो घेऊन भाषणात वापरला. दोघांनीही कपाटातले एक पुस्तक हातात घेतले नाही. त्यानंतर काही दिवस मला ते कपाट हॉटेलातल्या खांबांसारखे दिसू लागले.

गेल्या मे महिन्यात सुताराला पुन्हा बोलावले. पाय पाचरी काढून सोडवला आणि फिरवून बसवला. एका सकाळचे काम, कारण त्याने कुठेही खिळा मारला नव्हता. खाच आत गेली. फळीचे कुसू तिच्यात जवळजवळ बसले, एका बाजूने सुताभर फट राहिली ती त्याने सागवानाच्याच कपच्याने भरली. आकडा तसाच आहे, शब्दकोशांच्या मागे. ते काढल्याशिवाय दिसत नाही. झोल आलेली मधली फळी उलटी करून बसवा, म्हणजे आणखी काही वर्षे निभेल, आणि मध्ये एक आधार द्या, असेही त्याने सांगितले. आधाराचे लाकूड आणून ठेवले आहे. फळी उलटी करायची तेवढी राहिली आहे. त्यासाठी आधी सगळे दिवाळी अंक खाली काढावे लागतील.