‘एम आणि हूमराव’ : वेडाच्या सावलींतील बालपण

शिरूर तालुक्यांत घोड नदीच्या कांठीं इनामगांव नांवाचें खेडें आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजानें १९६८ ते १९८३ या काळांत तेथील पांढरीचें उत्खनन केलें, तेव्हां तीन हजार वर्षांपूर्वींच्या शेतकऱ्यांचीं घरें उजेडांत आलीं. त्या लोकांत अशी चाल होती कीं, मूल वारलें म्हणजे दोन मडक्यांचीं तोंडें एकमेकांस जुळवून त्यांत तें ठेवावें, आणि घराच्याच जमिनीखालीं पुरावें. त्यामागें मायाच असावी, असें वाटतें. आपल्या सुशिक्षित घरांतूनही एक गोष्ट अशीच जमिनीखालीं पुरली जाते. मात्र ती मायेनें नव्हे, भीतीनें. आईस किंवा बापास मनाचा आजार जडला म्हणजे मुलांस पहिला धडा मिळतो तो गप्प राहण्याचा. बहिणीचें लग्न व्हावयाचें असतें, शेजाऱ्यांत तोंड दाखवावयाचें असतें. आजारी माणूस झांकला जातो. परंतु त्याच्याबरोबर मुलांचें बालपणही त्याच मडक्यांत जातें, याची दाद कोणी घेत नाहीं.

ती जमीन उकरण्याचें धैर्य जेरी पिंटो यांनीं आपल्या ‘एम अँड द बिग हूम’ ह्या इंग्रजी कादंबरींत दाखविलें. ती २०१२ सालीं प्रसिद्ध झाली, २०१६ सालीं तिला साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें, आणि शांता गोखले यांनीं ती ‘एम आणि हूमराव’ ह्या नांवानें मराठींत आणली. मुंबईत माहीमच्या एका लहानशा जागेंत राहणारें हें गोव्याकडील ख्रिस्ती कुटुंब आहे. आई इमेल्डा, म्हणजे एम. बाप ऑगस्टीन, म्हणजे हूमराव. मुलगी सूझन, आणि ही हकीकत सांगणारा मुलगा. ह्या मुलाचें नांव आपणांस शेवटपर्यंत कळत नाहीं. एमचें मन कधीं उन्मादाच्या शिखरावर असतें, कधीं विषादाच्या तळाशीं. ती पुनःपुन्हां जीव देऊं पाहते, आणि जे. जे. रुग्णालयाच्या मानसोपचार विभागांत तिच्या फेऱ्या होतात. आत्महत्येचा प्रयत्न हा त्या काळीं दंडनीय गुन्हा होता. आईच्या दुखण्याला गुन्ह्याचें नांव असलेल्या घरांत मुलांनीं वाढावयाचें, याचा अर्थ वाचकानें क्षणभर मनांत आणून पाहावा.

मराठी वाचकास ह्या पुस्तकानें धक्का बसणें साहजिक आहे. १९३५ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘श्यामची आई’नें आपल्या मनांत आईची जी मूर्ति बसविली, तिच्यासमोर आपल्या पिढ्या वाढल्या. त्या मूर्तीचें मोल कमी लेखण्याचें कारण नाहीं. परंतु ज्याची आई त्या मूर्तीसारखी नाहीं, त्या मुलानें कोठें जावें? एम आपल्या मुलांदेखत मातृपदाची थट्टा करते. मुलाच्या जन्मानंतरच आपल्या मनांत काळोखाचा नळ सुटला, असें त्याला सांगते. हें ऐकणाऱ्या मुलानें आईवर रागवावें, कीं स्वतःस अपराधी मानावें? पिंटो यांनीं दोन्ही सोपे मार्ग टाळले आहेत. त्यांनीं एमला देवी केलें नाहीं, आणि ओझेंही केलें नाहीं. ती विनोदी आहे, तिखट जिभेची आहे, पत्रें व रोजनिशी लिहिणारी आहे. आजार हा तिच्यांतील एक भाग आहे, संपूर्ण एम नव्हे. हा भेद मुलगा हळूहळू शिकतो, आणि माझ्या मतें ह्या शिकण्यांतच त्याचा बचाव आहे.

अशा घरांतील मूल पहारेकरी होतें. आईच्या आवाजांतील चढउतार तें अभ्यासासारखा वाचतें. पुढें त्यास दुसरी भीति ग्रासते: हें रक्तांतून माझ्याकडे तर येणार नाहीं? वेडाच्या कथा आपल्याकडे पुष्कळ आहेत. परंतु वेड्याशेजारीं शहाणें राहण्याचे कष्ट इतक्या संयमानें सांगणारें पुस्तक विरळा. एमच्या आठवणी गोळा करणें, तिचें तारुण्य आणि तिचें लांबलेलें प्रेमपर्व समजून घेणें, हा त्या मुलाला केवळ छंद नाहीं. आईस आजारापासून वेगळी काढण्याचा तो त्याचा उपाय आहे.

दोष दाखवावयाचे तर दोन दाखवितां येतील. हूमराव फार भक्कम आहेत. इतकीं वर्षें न डगमगणाऱ्या माणसाला आंतून कांहींच झालें नसेल काय? मुलाच्या भक्तीनें बापाची थकवा दाखविणारी बाजू झांकली आहे. दुसरा दोष सूझनचा. अशा घरांत मुलीच्या वांट्यास जें येतें तें मुलाच्या वांट्यास येत नाहीं, हें आपण सारेच जाणतों. सूझन सर्वत्र वावरते, पण तिचें मन आपणांस फारसें दिसत नाहीं.

भाषांतराचें काम अवघड होतें. एमचें बोलणें शब्दांच्या कोलांट्यांनीं भरलेलें. तें मराठींत आणतांना कांहीं हरवणारच. परंतु ‘हूमराव’ ह्या एका शब्दांत धाक, माया आणि थट्टा हीं तिन्हीं एकदम आलीं आहेत. अनुवादिकेचा कान किती तयार आहे, हें त्यावरून कळतें.

१९१२ च्या कायद्यानें अशा रोग्यांस ‘ल्यूनॅटिक’ म्हटलें होतें. १९८७ च्या कायद्यानें तो शब्द काढला. २०१७ च्या कायद्यानें जीव देऊं पाहणारा मनुष्य तीव्र ताणाखालीं असल्याचें गृहीत धरून त्यास शिक्षेपासून वांचविलें. कायदा बदलला, घरें मात्र अजून गप्प आहेत. वडील माणसांनीं हें पुस्तक वाचून मुलांपासून लपवून ठेवूं नये. ज्या घरांत असें दुखणें आहे, तेथील मुलास तर तें अवश्य द्यावें. आपल्यासारखें आणखी कोणी होतें, तें जगलें, आणि त्यानें आईवर प्रेमही केलें, एवढें कळणें हाच त्या मुलाला मोठा आधार होईल.