रनवे दिसण्याआधी

जुन्या खेळाबद्दल बोलायचं म्हटलं की माणसं हळवी होतात. आम्हाला तसं करून चालणार नाही, कारण 'फ्लाइट सिम्युलेशन' या खेळाबद्दल आमचं मत तीस-पस्तीस वर्षं चुकीचं होतं. ते मत आम्ही औशातच बनवलं, म्हणून दुरुस्तीही इथंच करतो.

सायन या ब्रिटिश कंपनीचा हा खेळ. झेडएक्स स्पेक्ट्रमवर तो १९८३ साली आला. मशीनची मेमरी ४८ के, पडदा म्हणजे घरचा टीव्ही, आणि खेळ कॅसेटवर. हेच मशीन परवान्यानं 'डीबी स्पेक्ट्रम' म्हणून भारतात विकायला आलं. पुढं आमच्यापैकी एकाच्या घरी ते पोचलं. टेपरेकॉर्डरमधून किंचाळत किंचाळत खेळ आत यायला पाचेक मिनिटं लागायची. मग वरच्या अर्ध्या पडद्यावर आभाळ-जमीन, खालच्या अर्ध्यात तबकड्या: उंची, वेग, इंधन.

सुरुवातीलाच खेळ विचारतो: जमिनीवरून उड्डाण, थेट हवेत, की उतरण्याचा शेवटचा टप्पा? आम्ही कायम शेवटचा टप्पा घेतला. विमान आपटलं तर काही बिघडत नव्हतं, पुन्हा खेळायचं. पण लाईट गेली की सगळं पुसलं, परत कॅसेट मागं फिरवा! आणि लाईट कधी जाईल याचा काय नेम? म्हणून रनवे नाकाच्या रेषेत, तिथूनच सुरुवात. चाकं खाली, वेग कमी, टेकलं की आरोळी. त्यावरनं आम्ही सांगत सुटलो की हा उतरण्याचा खेळ आहे, बाकी सगळं रिकामं: निळसर आभाळ, हिरवी जमीन, एखादं तळं.

आता लॅपटॉपवर एम्युलेटर टाकून पहिल्यांदाच सबंध उड्डाण केलं, आणि ओशाळलो. खरा खेळ मधल्या त्या रिकाम्या भागात आहे. नकाशा बघायचा, बीकन निवडायचा, त्याची दिशा खाली वाचायची, वळायचं. वळताना क्षितिजाची रेघ तिरकी होते तेवढी डोळ्याला कळते. पण उंची उतरत चाललीय, हे फक्त तबकडी सांगते. तळं मागं पडलं की त्या हिरव्यात खूणच नाही. चित्र गरीब आहे म्हणूनच तबकडीवर विश्वास ठेवावा लागतो. आपला किल्ला खोलगट जागी आहे; बुरुजावरनं लांबचं दिसतं, पण लांबून येणाऱ्याला किल्ला दिसत नाही. या खेळातला रनवे तसाच, जवळ जाईपर्यंत नुसता आकड्यांत असतो.

२०२० च्या मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये बिंगच्या नकाशांवर अख्खी पृथ्वी आहे, म्हणजे औसाही आला. वरून आपलं गाव बघायचा आनंद मोठा, नाही कशाला म्हणा. पण तिथं आम्ही लातूर-औसा रस्ता धरून उडतो आणि तबकड्यांकडं ढुंकूनही बघत नाही. वीसेक किलोमीटर नुसते प्रवासी!

जुन्या खेळावर एक तक्रार मात्र ठेवतो. वारा हवा का, असं तो आधीच विचारतो. वैमानिकाला असं कोण विचारतं हो? आम्ही अर्थातच 'नको' म्हणायचो. परवा 'हो' म्हटलं. तीनदा रनवे चुकला. चौथ्या खेपेला दिसला तो डावीकडं, बराच लांब, आणि चाकं खाली घ्यायची राहिलेली.