उघडा स्टुडिओ आणि भिंतीकडे तोंड केलेली चित्रं

ओपन स्टुडिओ ही कल्पना तशी साधी आहे. एखाद्या वस्तीतले चित्रकार ठरलेल्या शनिवार-रविवारी आपल्या कामाच्या खोल्यांची दारं उघडतात, कुणीही यावं, बघावं. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये हा प्रकार १९७५पासून चालू आहे. आपल्या मागच्या गल्लीत कुणी चित्रं काढतं, हे कित्येकांना त्या दिवशी पहिल्यांदा कळतं. हे चांगलंच आहे. गॅलरीत शिरताना माणसं दबकतात. जहांगीरच्या दारात ‘चपला काढायच्या का?’ असा चेहरा केलेले लोक मी पाहिलेत. (हशा)

माझी तक्रार मांडणीबद्दल आहे. दार उघडायच्या आधी चित्रकार काय करतो? फरशी पुसतो, रंगाचे डाग पडलेलं टेबल झाकतो. पूर्ण झालेली, विकण्याजोगी चित्रं ओळीत टांगतो, शेजारी किमतीची चिठ्ठी. अर्धवट राहिलेली, फसलेली चित्रं कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून. म्हणजे बोलावलं स्टुडिओ बघायला आणि दाखवलं काय, तर छोटंसं दुकान! मी चित्रकाराला दोष देत नाही, त्याला भाडं भरायचंय.

आणि हा भाड्याचा, जागेचा मुद्दा आपल्या समीक्षेत येतच नाही. त्याच शहरातलं हंटर्स पॉइंट घ्या. नौदलाची गोदी १९७४मध्ये बंद पडली, १९८३पासून रिकाम्या इमारतींत कलावंत आले. तिथे पूर्वी नौदलाची किरणोत्सर्गावर काम करणारी प्रयोगशाळा होती. १९८९मध्ये ती जमीन अमेरिकी सरकारच्या अतिप्रदूषित जागांच्या यादीत गेली. इतरांना नकोशी झालेली जागा कलावंतांच्या वाट्याला येते, ती अशी.

आपल्याकडे उलट झालं. मुंबईत ब्रीच कँडीला, समुद्रासमोर, भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूट होती. तिथे हुसेन, गायतोंडे काम करायचे, अल्काझींची नाटकं गच्चीवर व्हायची, रविशंकरांचं संगीत विद्यालयही तिथंच. एकाचं काम दुसऱ्याला जाता-येता दिसायचं, त्यासाठी वेगळा शनिवार-रविवार काढावा लागत नव्हता. जागा मोक्याची. वास्तू पाडली, आता तिथे टोलेजंग इमारत आहे.

जागेचा चित्राशी संबंध काय, असं कुणी विचारेल. गायतोंड्यांना १९८४मध्ये अपघात झाला, त्यानंतर मोठा कॅनव्हास हाताळणं जमेना, तेव्हा त्यांनी कागदावर शाईची लहान चित्रं केली. शरीर जसं चित्राचा आकार ठरवतं, तशी खोलीही ठरवते. दहा बाय दहाच्या खोलीत सहा फुटी कॅनव्हास उभा राहतो हो, पण मागे सरकून तो बघायचा कुठून? मग जवळून बारीक काम सुरेख होतं आणि लांबून बघितलं की चित्र विस्कटतं. गॅलरीच्या पांढऱ्या भिंतीवर ते पाहून आपण लिहून मोकळे होतो, ‘रचनेची जाण कमी’. खोलीत उभं राहिलं असतं, तर असं लिहिताना हात थबकला असता.

म्हणून अशा ठिकाणी गेलात तर ‘हे काढायला किती दिवस लागले?’ हे विचारू नका. ते सगळेच विचारतात. उजेड कुठून येतो ते बघा, मागे सरकायला किती पावलं जागा आहे ते बघा. आणि कोपऱ्यातली चित्रं वळवून बघू का, असं विचारा. बरेच जण नाही म्हणतील. जो हो म्हणेल, त्याच्याकडे खुर्ची मागून घ्या आणि बसा.